रोदेलच्या पेटीवरचं पिल्लू

नेनितानं टोपलीत हात घातला तशी कोंबडीनं तिच्या मनगटावर चोच मारली. तिनं हात मागे घेतला नाही. चाचपून चाचपून एक पिल्लू मुठीत धरलं आणि बाहेर काढलं.

"पुरातून डोक्यावर धरून आणलीत मी ही पिल्लं," बेबांग आजी म्हणाली. "न्यायचं तर ने. पण कशाला हवंय ते आधी सांग."

"पेटीवर ठेवायला, लोला."

आजीनं टोपलीवर फडकं टाकलं आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"अगं, खून झालेल्याच्या पेटीवर ठेवतात पिल्लू. ते काचेवरचे दाणे टोचतं, तशी मारणाऱ्याच्या काळजाला टोचण लागावी म्हणून. तुझा रोदेल बुडाला. माझा इस्कोपण बुडाला. पाण्याला कुठलं आलंय काळीज?"

"पाण्यासाठी नाहीये ते," नेनिता म्हणाली आणि पिल्लू तिनं एप्रनच्या खिशात सोडलं.

पाच दिवस झाले तरी पाणी उतरलं नव्हतं. कब्रस्तानात कमरेएवढं, म्हणून रोदेलला पुरता येत नव्हतं. घरात गुडघाभर, म्हणून घरी ठेवता येत नव्हतं. शेवटी बास्केटबॉलच्या पटांगणात, पत्र्याखाली, शाळेची दोन टेबलं जोडून त्यावर पेटी ठेवली होती. तिथेही घोट्याएवढं पाणी होतंच. पण आमच्याकडे मयताला एकटं ठेवत नाहीत. लोक पाण्यातच खुर्च्या टाकून, पाय वर घेऊन बसत, पत्ते खेळत, कॉफीत बिस्किटं बुडवत. बेबांग आजी तर रोज सकाळपासून येऊन बसे. तिच्या म्हाताऱ्याचं प्रेतसुद्धा सापडलं नव्हतं. तिला जागायला पेटी नव्हती, म्हणून ती रोदेलच्या पेटीपाशी जागत होती.

रोदेल वस्तीचा पहारेकरी. पोटासाठी तीनचाकी चालवायचा, पण दर सोमवारी सकाळी वस्तीच्या कार्यालयापुढे झेंडा चढवायचं काम त्याचं. कुणी दिलं नव्हतं, यानंच अंगावर ओढून घेतलं होतं. आदल्या दिवशी शर्टाला स्वतः इस्त्री करायचा. राष्ट्रगीत चालू असताना कुणी मोबाइल काढला, तर गीत संपल्यावर त्याची बिनपाण्यानं व्हायची. नेनिताच्या भावानं सौदीतल्या दम्मामहून दोनदा नोकरीचे कागद पाठवले. यानं दोन्ही वेळा परत केले.

"सगळेच गेले तर झेंडा कोण चढवणार?" म्हणायचा.

"मग रात्री झेंडाच शिजवते," नेनिता म्हणायची.

मुलीचं नावही त्यानं हट्टानं लिवायवाय ठेवलं होतं. पहाट. शाळेत बाकीच्या पोरी अमेरिकन नट्यांच्या नावाच्या, आणि ही एकटी पहाट. आता ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि पाच दिवसांत एकदाही रडली नव्हती. त्याचीच नेनिताला जास्त भीती वाटत होती.

दहाच्या सुमाराला कपितान आर्सिंग आला. वस्तीचा प्रमुख. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, मागे नगरपालिकेचा फोटोग्राफर आणि दोन माणसं. एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला झेंडा. पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. लिवायवायचा बाप्तिस्मा याच्याच हातावर झाला होता, त्यामुळे तो नेनिताला कुमारे म्हणायचा आणि ती त्याला कुम्पारे. सतरा वर्षांचं नातं होतं ते.

"कुमारे, काय बोलू मी," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. माणूस दुष्ट नव्हता. तसा असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यानं लिवायवायपुढे हात केला. वडीलधाऱ्याचा हात कपाळाला लावायचा असतो. ती हात मागे बांधून उभी राहिली.

"लिवाय," नेनिता म्हणाली. "धर्मबाप आहे तुझा."

"आहे ना. माहितीये मला."

आर्सिंगनं हात खाली घेतला आणि खुर्च्यांकडे वळून आवाज चढवला. "नगरपालिकेनं मंजूर केलंय. रोदेलला वीराचा मान. नऊ माणसं दोरीनं ओढून काढली त्यानं. आज त्याच्या पेटीवर आपला झेंडा येणार."

दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या.

"ती नऊ माणसं तिथे कशाला गेली होती, तेही सांगा की, निनोंग," लिवायवाय धर्मबापाला म्हणाली. "बांध पुरा झाला म्हणून बोर्ड कुणी लावला? पाणी चढायला लागल्यावर बाबांनी मागची अख्खी गल्ली बांधाकडे नेली. उंचावर चला, बांध पक्का आहे, म्हणून ओरडत नेली. वळणाच्या पुढे बांधच नव्हता. नुसता चिखल. झेंडा कसला घालताय? ज्यांनी मारलं त्यांचीच चादर वर?"

"दुःखात आहे पोरगी," आर्सिंग लोकांना म्हणाला. मग नेनिताच्या कोपराला हात लावून तो तिला बास्केटच्या खांबापलीकडे घेऊन गेला. तिच्या खिशात पिल्लू चिवचिवलं. त्यानं तिकडे बघितलं आणि त्याला काय ते समजलं.

"हे नको, कुमारे," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी हे बघ." त्यानं शर्टाच्या खिशातून झेरॉक्स काढली. प्लॅस्टिकमध्ये घातलेली होती. पाण्यापावसात माणूस कागद जपूनच नेतो. "बांधाचं काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे. माझी सही ही. आणि साक्षीदाराची बघ."

शेवटच्या अक्षराला मोठी शेपटी काढलेली ती सही ओळखायला नेनिताला वाचावी लागली नाही.

"चौकशी लागली तर मी वर चार लोकांना पुढे करीन. रोदेल कुणाला करणार? नऊ वाचवले ते कुणी बघत नाही. यानं डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहून दिलं आणि म्हातारा इस्को बुडाला, एवढंच बघतील. बेबांग आजी बघेल. तुझी पोरगी बघेल. एकदा झेंडा अंगावर पडला ना, की मग कुणी कागद उकरत नाही. तुझ्या भल्याचं सांगतोय मी."

"हो," नेनिता म्हणाली.

ही सही केली त्या दिवशी रोदेल इस्त्रीच्या शर्टात घरी आला होता. "आज माझी सही सरकारी कागदावर गेली," म्हणाला. नेनिता रोज ओहोटीला त्या वळणापलीकडे शिंपल्या वेचायला जायची. मांडीपर्यंत चिखलात तीच असायची, साहेब नव्हेत. ती म्हणाली, "अरे, तिथे भिंतच नाहीये." तो हसला. "दुसऱ्या टोकाकडून बांधत आणतायत ते. आणि बोर्डावर झेंडा छापलाय, नेनिता. त्यावर कुणी खोटं लिहील का?" एखाद्या लहान मुलासारखा चेहरा होता त्याचा. तिनं दुसऱ्यांदा विषय काढला नाही. त्याचं तेवढं एकच तर होतं, ते कशाला मोडायचं, असं तिला वाटलं होतं. आता तिला त्याचा असा राग येत होता की पेटी उघडून त्याला गदागदा हलवावं.

"घाला झेंडा," ती म्हणाली.

लिवायवायनं आईकडे असं बघितलं की नेनिताला मान खाली घालावी लागली.

माणसांनी पिशवी फाडली आणि झेंडा पेटीवर पसरला. पांढरा त्रिकोण पायांकडे.

"उलटा घातलाय," नेनिता म्हणाली. "त्रिकोण डोक्याकडे हवा. निळा त्याच्या उजव्या हाताला, लाल डाव्या. आणि कड वर घ्या, पाण्याला टेकतेय. तो असता तर एकेकाला धरून झोडलं असतं त्यानं."

माणसं ओशाळून झेंडा फिरवू लागली. नेनितानं स्वतः कड वर खोचली. चेहऱ्यावरची काच तेवढी मोकळी ठेवली. काचेखाली रोदेलला तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्रिकोणातल्या सूर्यावरची सुरकुती तिनं हातानं सारखी केली आणि तिथेच तिला रडू फुटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, लाज सोडून. काचेवर आसवं पडू देत नाहीत म्हणून बायकांनी तिला मागे ओढलं.

आर्सिंग पेटीशेजारी उभा राहिला, एक हात त्यानं झेंड्यावर ठेवला. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला.

"थांबा," नेनिता म्हणाली. तिनं एप्रननं तोंड पुसलं, खिशातून पिल्लू काढलं आणि रोदेलच्या चेहऱ्यावरच्या काचेवर ठेवलं.

पत्ते थांबले. पिल्लू काचेवरून घसरलं, सावरलं, आणि झेंड्याच्या कडेशी उभं राहून सगळ्यांकडे बघत ओरडायला लागलं. ते कशासाठी ठेवतात हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती.

"कुमारे," आर्सिंग म्हणाला. "विचार कर."

"पाच दिवस तेच करतेय." तिचा आवाज घोगरा झाला होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता. "कुम्पारेंच्या खिशात कागद आहे. बांध पुरा झाला म्हणून त्यावर लिहिलंय. खाली दोन सह्या आहेत. एक यांची. यांना माहीत होतं. दुसरी माझ्या नवऱ्याची. त्यानं जाऊन बघितलंच नाही. मी सांगितलं होतं, तर माझ्यावर हसला. आणि मग मीही गप्प बसले."

"नानाय!" लिवायवाय आईवर ओरडली. "बाबांचं कशाला सांगतेस? बाबांचं तरी राहू दे!"

"नाही राहता येत," नेनिता म्हणाली. "त्याचं झाकलं की यांचंही झाकतं. एकच कागद आहे, पोरी." मग ती आजीकडे वळली. "लोला, तुमचा म्हातारा आमच्या घरातल्या सहीनं बुडाला. तुमच्या तोंडाकडे बघवत नाही मला. पण तुम्ही इथे रोज येऊन बसता, तर तुम्हाला माहीत असायला हवं."

एवढं बोलून तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली. फोटोग्राफरनं कॅमेरा हळूच खाली घेतला होता, कुणीतरी मागून म्हणालं, "आता का रे थांबलास? काढ की!"

बेबांग आजी उठली. पाणी कापत, सायाचा घोळ वर धरून, ती पेटीपाशी आली. पिल्लासाठी नेनितानं सकाळीच टेबलाच्या कडेला बशीत तांदळाचे दाणे काढून ठेवले होते. आजीनं मूठभर घेतले आणि काचेवर हात धरला. मूठ मात्र उघडेना. खाली रोदेलचा चेहरा. तिथे दाणे टाकले की पिल्लू तिथेच टोचणार, हे सगळ्यांना दिसत होतं. लिवायवायनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

"माझ्या म्हाताऱ्याला यानं पाठीवर घेतलं होतं," आजी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "बघितलं मी. दोरी सुटली तरी यानं त्याला सोडलं नाही. सोडला असता तर हा वाचला असता." मग म्हणाली, "गाढव होतं पोरगं."

तिनं दाणे पुन्हा बशीत टाकले. दुसऱ्या हातानं पिल्लू काचेवरून उचललं आणि ती आर्सिंगपुढे जाऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या छातीएवढी होती.

"हात पुढे करा, कपितान."

सगळी वस्ती बघत होती. आर्सिंगनं हात पुढे केला. आजीनं पिल्लू त्याच्या तळव्यावर ठेवलं, त्याची बोटं एकेक करून वर मिटवली, आणि परत जाऊन आपल्या खुर्चीत बसली. लिवायवाय तिच्या शेजारी गेली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. बापानं नाव ठेवलेली ती मुलगी पहिल्यांदाच रडत होती, आणि नेनितानं तिला थांबवलं नाही.

जागरणाला आलेल्या माणसाला घरचे लोक निरोप देत नाहीत, तशी रीतच आहे. त्यामुळे आर्सिंगला कुणी जा म्हणालं नाही की बस म्हणालं नाही. तो झेंड्याशेजारी तसाच उभा राहिला. मुठीत पिल्लू ओरडत होतं, त्याची चोच बोटांच्या फटीतून बाहेर येत होती. त्यानं एकदा आपल्या माणसांकडे बघितलं. ती दोघं दुसरीकडे बघत होती. मग ते कुठेतरी खाली ठेवावं म्हणून तो वाकला आणि तसाच थांबला. खाली सगळीकडे पाणी होतं.