तांब्यात कोरलेली उमा

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात अक्काची बोटे हळद लागल्यासारखी दिसत. जवळ गेले की मात्र त्यांना गंजक्या लोखंडाचा उग्र दर्प येई. नांदेडच्या माझ्या घराच्या गच्चीवर प्लास्टिकच्या तबकातले फेरिक क्लोराइडचे तपकिरी पाणी ती संथपणे हलवत बसे. त्यात बुडालेल्या सर्किट बोर्डाच्या तांब्याच्या पातळ थरावर जिथे लेप नसे, तिथले तांबे विरघळून जाई. लेपाखाली उरत त्या वाटा, ज्यांतून पुढे वीज वाहायची.

उमा तिचे नाव, माझी थोरली बहीण. आम्ही उदगीरच्या, घरात मराठीइतकीच कन्नड. लातूरला शिवराज नावाच्या वर्गमित्रासोबत तिने दुकान थाटले होते. शेतातला पंप आपोआप चालू-बंद करणारा बोर्ड तिने घडवला आणि त्याने तो स्वतःचा म्हणून बाजारात आणला. "तिला नुसतं तारांना डाग द्यायला येतं," असे तो चारचौघांत बोलला. अक्का रडली नाही. ती माझ्याकडे निघून आली, आणि तिचे मौन वैशाखातल्या पत्र्यासारखे तापत गेले.

त्या हिवाळ्यात तिने नवा, अधिक चांगला बोर्ड आखला. त्यातली एक मुख्य वाट तिने कन्नड अक्षरांच्या गोलाईने वळवली. ती अक्षरे म्हणजे तिचेच नाव. अडत होते ते लेपापाशी.

"अक्का, मार्करनंच काढ की."

"काढून बघितलं. पाण्यानं कडा खाल्ल्या बघ सगळ्या."

नेलपॉलिश टिकले, पण ब्रशाखाली अक्षरांची पोटे बुजली. शेवटी तिने नक्षी आरशातल्यासारखी उलटी करून गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने छापली, तो कागद तांब्यावर पालथा ठेवून तापलेली इस्त्री दाबली, मग पाण्यात भिजवून अंगठ्याने हळुवार चोळून काढला. काळी शाई तांब्याला बिलगून राहिली होती, केसाएवढ्या वळणासकट.

"आता जमलं," ती म्हणाली. "शिवराज फोटू काढून जशीच्या तशी नक्कल मारतो. कोणती रेघ कशाची, त्याला कुठं कळतंय?"

तिने बोर्ड लातूरच्या बाजारात जाऊ दिला. उन्हाळा सरायच्या आत शिवराजचा 'नवा' बोर्ड कृषी प्रदर्शनात मांडला गेला. आम्ही दोघी तिथे गेलो. विक्रेत्यांच्या घोळक्यात शिरून अक्काने तो उचलला.

"ही वाकडी रेघ कशाची हाय?"

"डिझाइन हाय माझं," शिवराज म्हणाला. त्याचा आवाज मात्र चोरटा झाला होता.

तिने बोर्ड बीदरहून आलेल्या एका वयस्कर दुकानदाराच्या हातात दिला. "काका, वाचा जरा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "उमा," ते नवलाने म्हणाले. "कन्नडमधी उमा लिवलंय की!"

"मीच उमा," अक्का शिवराजकडे वळली. "खोडून टाक की. नाव खोडलंस, तर बोर्ड बंद पडंल."

घोळका त्याच्यापासून ओसरला; पूर ओसरल्यावर काठावर नुसता चिखल उरावा, तसा तो उरला. पुढे विक्रेते तिच्याकडे येऊ लागले. त्याचे दुकान उठले. परतताना बसमध्ये मी विचारले, "आता शांत वाटतंय का गं?"

"शांत न्हाई," ती म्हणाली. "गोड वाटतंय. लई गोड."

अक्का आता हैदराबादला असते, आणि तिच्याविना गच्चीवरचे ऊन रिकामेच उतरते. काळ माणसांना दूर नेतो, पण दूर गेलेली सगळीच माणसे आपण मायेने आठवतो असे नाही. काहींना आपण त्यांच्या पडलेल्या चेहऱ्यानिशी जन्मभर, मोठ्या सुखाने, जपून ठेवतो.