नोव्हेंबरचे दोन रिकामे चौकोन

सावीनोचं पत्र सतरा ऑगस्टला आलं. पाकिटावरचा पत्ता भूकंपात पडलेल्या घराचा होता आणि ती गल्लीही आता उरलेली नाही. तरी आमचा पोस्टमन कानिओ पत्र बरोबर त्याच्या बहिणीच्या दाराशी घेऊन गेला. जेरार्दाने दार उघडलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मावशी, हे बसून वाच."

पत्र दोन पानांचं होतं, अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातून आलेलं. सावीनोने लिहिलं होतं: मी सहासष्ट वर्षांचा झालो. बायको गेल्या वर्षी वारली. शहात्तर सालानंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मग इतके दिवस लिहिलं नाही याची लाज वाटू लागली, आणि ती दरवर्षी वाढतच गेली. आई गेल्याचं मला इथे शेजारच्या गावच्या एका माणसाकडून कळलं. सोळा ऑक्टोबरला येतो आणि महिनाभर राहतो. मला कुठे फिरायला नेऊ नकोस. मला एका जागी बसायचं आहे. द्राक्षं, चेस्टनट, ऑलिव्ह, नवी वाइन, जे ज्या दिवशी येईल ते त्या दिवशी. आणि दोन नोव्हेंबरला सगळ्यांबरोबर आईकडे जायचं आहे.

जेरार्दाने पत्राची घडी घातली आणि ती पिठाच्या डब्याखाली ठेवली.

आमच्या गावाच्या हिशोबी सावीनो पंचवीस वर्षांपूर्वीच मेला होता. दफनभूमीत त्यांच्या घराण्याच्या संगमरवरी दगडावर वडिलांचं आणि आईचं नाव आहे, त्याखाली त्याचं. जन्म १९३८, मृत्यू १९७९. शेजारी चिनी मातीच्या गोल तुकड्यावर त्याचा एकोणिसाव्या वर्षीचा फोटो आहे, केस तेल लावून मागे वळवलेले. दरवर्षी एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी आम्ही मृतांसाठी टेबल मांडतो. प्रत्येकाचं ताट, ब्रेड, पाणी, वाइन. अंधार पडायच्या आत जिवंत माणसं दुसऱ्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात; रात्री मृत येतात, आणि दोन तारखेला सकाळी सगळं गाव दफनभूमीत जातं. जेरार्दाच्या घरी त्या टेबलावर चार ताटं असत: वडील, आई, नवरा आणि सावीनो. ही ताटं वेगळ्या कपाटात राहत. एरवी त्यांत कुणी जेवत नसे.

सावीनो मेल्याची बातमी खोटी होती, हे गावात फक्त जेरार्दाला माहीत होतं. ती बातमी तिनेच तयार केली होती.

पत्रं थांबल्यावर त्यांची आई रोज पोटेन्झा शहराहून येणाऱ्या चारच्या बसला जाऊन उभी राहायची. भूकंपानंतर सगळं गाव पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहायला गेलं तेव्हा तिचं जाणं वाढलं. घर पडलं, पत्ता बदलला, आता तो आला तर शोधणार कसा, असं ती म्हणायची. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत, शहात्तराव्या वर्षी, ती बर्फात दीड तास उभी राहिली आणि न्युमोनियाने पडली. डॉक्टर म्हणाले, असा आणखी एक हिवाळा ती काढणार नाही. जेरार्दाने आठ दिवस विचार केला. मग ती आईच्या खाटेजवळ बसली आणि म्हणाली की वकिलातीचं पत्र आलंय, दोन वर्षांपूर्वीच नदीत बुडून गेला. आई रडली, तिने काळे कपडे घातले आणि पुन्हा कधी बसला गेली नाही. घराण्याची कबर भूकंपात फुटली होती. नवा दगड बसवताना त्यावर मुलाचं नाव घालायला आईनेच लावलं.

पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी जेरार्दाने स्वयंपाकघरातलं चर्चचं कॅलेंडर खाली काढलं आणि पेन्सिलीने महिन्याची आखणी सुरू केली. शेजारीण असुंता घेवड्याच्या शेंगा सोलत समोर बसली होती. पत्राची बातमी तोवर सगळ्या गावाला झाली होती.

"सोळा: विश्रांती. सतरा: विश्रांती," असुंताने वाचलं. "अगं, माणूस येतोय का पेशंट?"

"लांबून येतोय."

"मेलेला येतोय, लांबून तर असणारच." असुंताला आपलंच बोलणं आवडलं. "तेवीस वर्षं चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिसाच्या प्रार्थना म्हटल्या. त्या कुणाला लागू झाल्या असतील गं? कुणीतरी फुकटात स्वर्गात गेलं बघ."

जेरार्दाने एकवीस आणि बावीसच्या चौकोनांत 'द्राक्षं, तोनीनोचा मळा' असं लिहिलं. आमच्याकडची काळी द्राक्षं उशिरा तयार होतात, तोडणी ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत असते. पंचवीसला चेस्टनट. सत्तावीसला डुक्कर बघायला मामेभावाकडे. आठ नोव्हेंबरला ऑलिव्ह. अकराला सान मार्तिनोचा सण, म्हणजे नवी वाइन उघडायची. तेराला वाळलेल्या गोड मिरच्या तेलात तळून खारवलेल्या माशाबरोबर, कारण त्याला त्या आवडायच्या. एक आणि दोन नोव्हेंबरचे चौकोन तिने रिकामे ठेवले.

"हे दोन राहिले," असुंता म्हणाली.

"राहू देत."

"बातमी कुणी आणली होती गं तेव्हा? कुणाची तरी चूक झाली असणार."

"वकिलातीची," जेरार्दा म्हणाली आणि शेंगांची सालं उचलायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्रातल्या नंबरवर फोन लावला. सेहेचाळीस वर्षांनी दोघं बोलत होती. सावीनो आमची बोली आमच्या आजोबांसारखी बोलत होता. त्याने खिडकीला जो शब्द वापरला तो आता गावात कुणी वापरत नाही.

"सप्टेंबरात ये," ती म्हणाली. "ऑक्टोबरच्या शेवटी इथे थंडी पडते. तुझे गुडघे दुखतील."

"माझे गुडघे तुला काय माहीत?"

"सहासष्टाव्या वर्षी सगळ्यांचेच दुखतात."

"मला थंडीच हवीय, जेरार्दा. इथे नोव्हेंबरात झाडं फुललेली असतात. मृतांच्या दिवशी लोक बाह्या वर करून बाहेर बसतात. इतकी वर्षं मला तो दिवस कधी खरा वाटला नाही. तो एक दिवस मला तिथे पाहिजे. बाकीचा महिना तुझ्या मनासारखा आख."

तिने फोन ठेवला आणि ते दोन चौकोन तसेच राहू दिले.

सप्टेंबरच्या मध्यात ती दगडकाम करणाऱ्या विटोकडे गेली. विटोचं दुकान दफनभूमीच्या फाटकाला लागूनच आहे.

"नाव काढता येईल का रे?"

"मावशी, ते माझ्या बापाने कोरलंय, बोटभर खोल. काढायचं म्हणजे सगळा दगड घासून खाली आणायचा. मग तुमच्या वडिलांचं नाव गेलं, आईचंही गेलं. सगळं नव्याने करावं लागेल."

"कर मग."

"दोन नोव्हेंबरच्या आत? इथे बघ." त्याने भिंतीशी ओळीने उभे केलेले दगड दाखवले. "वर्षभर कुणाला मेलेल्यांची आठवण होत नाही, आणि ऑक्टोबरात सगळे माझ्या मानेवर बसतात. डिसेंबरात या. तोवर शेवंतीचा मोठा गुच्छ पुढे ठेवा. त्याच्या नावावर नेमका येईल."

"आणि त्याने गुच्छ हलवला तर?"

विटोने हातातली छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाला, "मावशी, जिवंत माणसाला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्याला तसं सांगा. हसेल तो."

जेरार्दाला दगडाची भीती नव्हती. दगडाचा दोष वकिलातीवर ढकलता आला असता. पण सावीनो पुढचं विचारणारच होता: पत्र कुठे आहे, सही कुणाची होती, आईने ते वाचलं का. भावासमोर बसून तीच थाप दुसऱ्यांदा मारणं तिला जमणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर तो महिन्याचे उरलेले दिवस टाकून निघून जाईल असं तिला वाटत होतं. गाव सोडलं तेव्हाही तो असाच, वडिलांच्या एका शब्दावरून, जेवणाच्या टेबलावरून उठून गेला होता.

सोळा ऑक्टोबरला, शनिवारी, ती पावणेचारलाच बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. बस दहा मिनिटं उशिरा आली. तिच्यातून एक टक्कल पडलेला, थोडा वाकलेला माणूस एकच बॅग घेऊन उतरला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. नंतर तिने असुंताला सांगितलं की त्याला मिठी मारताना तिच्या मनात एकच होतं, आपण आईच्या जागेवर उभ्या आहोत.

पहिले दोन दिवस त्याने खरोखरच विश्रांती घेतली. खुर्ची दाराबाहेर टाकून तो बसे. जाणारे-येणारे थांबत, हात हातात घेत आणि तो गरम लागतो का हे कळू न देता बघून घेत. विसाव्या तारखेला सकाळी तो एकटाच फिरायला गेला आणि जेवायच्या वेळी परत आला. त्याच्या बुटांना दफनभूमीच्या रस्त्यावरची लाल माती होती. आमच्या गावात तशी माती दुसरीकडे कुठे नाही. जेरार्दाने बूट बघितले. सावीनोने सूप संपवलं, आणखी मागितलं आणि द्राक्षं उद्या किती वाजता तोडायची ते विचारलं.

त्यानंतर सगळं आखल्याप्रमाणे झालं. तोनीनोच्या मळ्यात त्याने एक अख्खी रांग तोडली, मग दोन दिवस कंबर धरून बसला. चेस्टनट भाजताना त्याने त्यांना चिरा पाडल्या नाहीत. चेस्टनट फुटून स्वयंपाकघरभर उडाले, आणि असुंता म्हणाली, "अर्जेंटिनाने याला काय शिकवलं देव जाणे." तो हसला. दफनभूमीचं नाव त्याने काढलं नाही. रोज सकाळी तो कॅलेंडरासमोर उभा राहून आजचा चौकोन वाचायचा आणि बोट पुढे सरकवत त्या दोन रिकाम्या चौकोनांवर थांबवायचा.

एक नोव्हेंबरला सोमवार होता. चार वाजता जेरार्दाने टेबलावर पांढरं कापड घातलं, ब्रेड ठेवला, पाण्याची सुरई ठेवली. वेगळ्या कपाटातून तिने तीन ताटं काढली आणि मांडली. चौथं तिने हातात घेतलं आणि कपाटाशीच उभी राहिली. निळ्या काठाचं ते ताट सावीनोचं लहानपणीचं होतं, एका बाजूला टवका उडालेलं.

सावीनो दारात उभा होता. "ते माझं ना?"

"हो."

"दगडावर बुडालो म्हणून लिहिलेलं नाही. फक्त साल आहे. असुंता म्हणाली, नदीत बुडालो." तो आत येऊन खुर्चीवर बसला. "मला पोहता येतं, जेरार्दा. तूच शिकवलंस, गिरणीच्या डोहात."

तेव्हा तिने ताट हातात धरूनच सगळं सांगितलं. बस, बर्फ, न्युमोनिया, आठ दिवस. वकिलातीचं पत्र नव्हतंच हेही. सांगताना तिने स्वतःची बाजू घेतली नाही.

"मग ती बसला जायची थांबली?" त्याने विचारलं.

"त्या दिवसापासून."

"आणखी किती वर्षं जगली?"

"सहा."

"झोपायची?"

"झोपायची. आधी झोपत नव्हती."

"दोन ओळी लिहायच्या होत्या मला," तो म्हणाला. "टपालपेटी घराच्या कोपऱ्यावरच होती."

जेरार्दा अजून उभीच होती. "अजून एक आहे," ती म्हणाली. "मला त्याचंच जास्त लागून राहिलंय. ती गेली तेव्हा तिला वाटलं असेल, तिकडे तू भेटशील. तिने तुला शोधलं असेल. तू तिकडे नाहीस हे तिला सतरा वर्षांपूर्वीच कळलं, सावीनो. मी खोटं बोलले हेही कळलं. दरवर्षी मी इथे तुझं ताट मांडते आणि ती येते, ते बघते. तिकडे ती पुन्हा कुठेतरी उभी राहत असेल, आणि तिकडे तिला थांब म्हणायला कुणी नाही."

बाहेर चर्चची घंटा सुरू झाली. त्या संध्याकाळी ती बराच वेळ वाजते. खिडकीत उजेड थोडाच उरला होता आणि समोरच्या घरातलं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

सावीनोने तिच्या हातातून ताट घेतलं आणि आईच्या ताटाशेजारी मांडलं. खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसला.

"ऊठ," जेरार्दा म्हणाली. "जिवंत माणसाने इथे बसायचं नसतं. अंधार पडेल."

"तू जा. दार लोट."

"सावीनो—"

"ती आज येणार ना? मग मी इथे दिसू दे तिला."

ती दारापर्यंत गेली, वळली, त्याच्या ग्लासात बोटभर वाइन ओतली आणि बाहेर जाऊन दार लोटलं.

सकाळी सहाला ती आत आली तेव्हा तो खुर्चीतच होता, कोट अंगावर ओढून, जागा. तिन्ही ताटं जशीच्या तशी होती. निळ्या काठाचं ताट रिकामं होतं, त्यात ब्रेडचा चुरा होता.

"तू खाल्लंस?"

"भूक लागली होती," तो म्हणाला. "माझंच होतं ना?"

तिने ती तीन ताटं पुसून वेगळ्या कपाटात ठेवली. चौथं नळाखाली धुतलं आणि रोजच्या ताटांच्या रॅकमध्ये उभं केलं. मग पेन्सिल घेऊन दोन नोव्हेंबरच्या चौकोनात लिहिलं: 'आईकडे, दोघं, दहा वाजता.' सावीनो बूट शोधत होता. काल त्याने ते दाराबाहेर काढले होते आणि त्यांच्या काठांत उरलेली लाल माती जेरार्दाने पुसून टाकली होती.

"कशाला पुसलेस?" तो म्हणाला. "पुन्हा तिथेच जायचंय."