एक्स्चेंजबाईंची पॉवर बँक

एक्स्चेंजबाईंचा आवाज भिंतीपासून हातभर अंतरापर्यंतच चाले, कारण चार्जरची वायर तेवढीच होती.

घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी सुचवलं होतं. ते त्यांनी एकदाच लावून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘डब्यात भुंगा कोंडल्यासारखा वाटतो. भुंग्याची दया येते.’ मग मुलाने टॅब्लेट दिला. त्यावर लिहायचं, बटण दाबायचं, की आतली एक बाई ते मोठ्याने वाचून दाखवी. तिचे उच्चार स्वच्छ होते आणि भावना बेताच्या. बँकेत टोकन नंबर पुकारावा तसं ती सगळं बोले. ‘भाजी करपली’ आणि ‘माझा जीव घुसमटतोय’ यांत तिला काही फरक वाटत नसे.

टॅब्लेट जुना होता. गप्प ठेवला तर दिवसभर टिके, बोलायला लावला की बघता बघता माना टाकी. त्यामुळे बाई या प्लगपासून त्या प्लगपर्यंत फिरत राहत. मिक्सरच्या प्लगशेजारी उभ्या असताना बाहेरच्या खोलीत कुणी काही चुकीचं बोललं, की त्या वायर उपटून तरातरा निघत. तिथल्या प्लगला कुणाचा तरी फोन लावलेला असे. तो काढून आपली वायर लावून वाक्य लिहीपर्यंत विषय बदललेला असे. मग त्या टेबलावर बोटं वाजवत उभ्या राहत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर ट्रंक कॉल जोडलेली बाई स्वतःच होल्डवर पडली होती.

घरात त्यांचं निभावत होतं. सून दातांची डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येत नसताना गप्पा मारत राहायची तिला धंद्यानेच सवय होती. खरा प्रश्न संध्याकाळचा होता.

संध्याकाळी बागेतल्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर मैत्रिणी जमत. त्यांनीच बाईंना ‘एक्स्चेंज’ हे नाव दिलं होतं, कारण कुठलीही बातमी त्यांच्यामार्फत गेल्याखेरीज खरी धरली जात नसे. पण बागेत प्लग नव्हता. बाई दोन-चार वाक्यं बोलत, टॅब्लेट काळा पडे, आणि बाकाचा ताबा मेट्रन घेई.

मेट्रन म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली मुख्य परिचारिका. समोरचा गप्प पडला म्हणजे त्याची काळजी घ्यायची, हे तिच्या रक्तातच होतं. ती एक्स्चेंजबाईंच्या वतीने बोलू लागली. आधी ‘हिला म्हणायचंय की’ असं म्हणे. हळूहळू तेही सुटलं. पुढे तिने एक्स्चेंजबाईंच्या गोष्टीही सांगायला घेतल्या, आणि शेवटी त्यांची मुख्य गोष्टही, जी बाकावर अर्धीच झाली होती; शेवटाआधी टॅब्लेट काळा पडला होता.

मुख्य गोष्ट अशी. एका दुपारी एका नवरा-बायकोचा कॉल लागला. तो नोकरीच्या गावी, ती माहेरी. लाईन इतकी खराब की त्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. मधे बसलेल्या ऑपरेटरला मात्र दोघांचंही ऐकू येत होतं. अशा वेळी ऑपरेटरने इकडचं तिकडे सांगायचं, असा रिवाज होता. नवरा म्हणाला, “तिला सांगा, परत आलीस तर दार उघडणार नाही.” एक्स्चेंजबाईंनी पुढे सांगितलं, “ते म्हणतायत, परत ये, दार उघडंच आहे.” बायको म्हणाली, “त्यांना म्हणावं, तुमचं तोंड बघायची इच्छा नाही.” एक्स्चेंजबाईंनी सांगितलं, “त्या म्हणतायत, कधी एकदा बघते असं झालंय.” तीन-तीन मिनिटं वाढवून घेत असा कॉल बराच चालला. पुढे काही महिन्यांनी ती बायको एक्स्चेंजचा पत्ता काढून, ‘त्या दिवशी कोण बसलं होतं?’ असं विचारत आली.

इथे मेट्रनच्या गोष्टीत ती बायको एक्स्चेंजबाईंच्या गळ्यात पडून रडे आणि संसार वाचवल्याबद्दल आभार मानी. ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर, रुमाल, जे हाताशी असेल ते लावत. एक्स्चेंजबाई काळ्या पडलेल्या टॅब्लेटवर बोटं आपटत. खरा शेवट वेगळा होता, गोष्टीचा सगळा जीव त्या शेवटात होता, आणि मेट्रन रोज संध्याकाळी त्याचा गळा दाबत होती.

“मला बाहेर चालेल अशी बॅटरी आण,” त्यांनी मुलाला टॅब्लेटमधून सांगितलं.

“पॉवर बँक म्हणतात तिला,” मुलगा म्हणाला. “बघतो.”

मुलगा एका कारखान्यात खरेदी अधिकारी होता. खरेदी खात्यातला माणूस वस्तू विकत घेतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. तो वस्तू नाकारतो. नाकारून नाकारून जी उरते, ती कारखान्यात येते. त्याने तीन कोटेशनं मागवली. तुलनात्मक तक्ता केला. एकीचं वजन जास्त, एकीची वॉरंटी कमी, एक इतकी स्वस्त की त्याचाच संशय. आई दाराच्या चौकटीशी येई, वायर पुरेना म्हणून परत जाई.

“अरे, आण ना एखादी,” सून म्हणाली. “त्या येरझारा बघून मलाच चक्कर येते.”

“एखादी म्हणजे कुठली? निकष काय?”

“चालू असावी.”

“हा निकष होत नाही. वीस हजार एमएएचवाली घ्यायची की तीस हजारवाली, हे आधी ठरायला हवं. डब्यावर क्षमता लिहिलेली असते, पण टॅब्लेटपर्यंत तितकी पोहोचत नाही. वाटेत गळती असते.”

“तुझ्या तक्त्यात पण असते.”

“मग नवीन टॅब्लेटच घेऊन टाकू का?”

“घे की!”

“त्याची वेगळी फाईल उघडावी लागेल,” मुलगा म्हणाला, आणि सूनबाई क्लिनिकला निघून गेल्या. तिथे निदान ज्याचा दात दुखतो तो तोंड उघडतो.

अखेर पॉवर बँक आली. सगळ्यांत मोठ्या आकड्याची, सगळ्यांत लांब वॉरंटीची, वजनाला विटेच्या सख्ख्या बहिणीसारखी. मुलाने ती आईच्या हातात ठेवली तेव्हा हात खाली गेला.

“आता दोन दिवस बोलत बस,” तो म्हणाला. हे वाक्य त्या घरात याआधी कुणी आपणहून उच्चारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी एक्स्चेंजबाई पिशवी खांद्यावर तिरकी टाकून, एका बाजूला कलत बागेत पोहोचल्या. वायर जोडली. टॅब्लेटवर चार्जिंगची खूण उमटली. त्यांनी गोष्ट सुरू केली. आवाज पूर्ण मोठा, पडदा पूर्ण उजळ. टोकन पुकारणारी बाई बोलू लागली: “एका दुपारी एका जोडप्याचा कॉल लागला.” बायका सरसावून बसल्या. नवरा बोलला, बायको बोलली, कॉल संपला. “मग एक दिवस ती बायको एक्स्चेंजवर आली,” टॅब्लेट म्हणाला आणि काळा पडला.

एक्स्चेंजबाईंनी पिशवीत पाहिलं. पॉवर बँकेचे सगळे दिवे सुखाने जळत होते. टाकी काठोकाठ भरलेली, पण नळ करंगळीएवढा. टॅब्लेट बोलण्यात जितकं खर्च करत होता, तितकं तिच्यातून येतच नव्हतं. तक्त्यात टाकीचा रकाना होता. नळाचा नव्हता.

“राहू दे गं, दमलीस,” मेट्रन मायेने म्हणाली आणि बाकीच्यांकडे वळली. “आली, आणि हिच्या गळ्यातच पडली बघा.”

घरी आल्यावर मुलाने पॉवर बँक उलटीसुलटी करून पाहिली. “वस्तू सदोष नाही,” तो म्हणाला. “तक्रार करता येणार नाही. आपण जे मागितलं, ते त्यांनी दिलंय. आता फेरविचाराला घ्यावं लागेल.”

एक्स्चेंजबाईंनी टॅब्लेटवर काहीतरी लिहिलं आणि पुसलं. तसलं काही आतल्या बाईच्या तोंडी घालणं त्यांना बरं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच घराबाहेर पडल्या. चौकातल्या मोबाईलच्या दुकानात शिरल्या, टॅब्लेट काउंटरवर ठेवला आणि बटण दाबलं. “पॉवर बँका दाखवा. सगळ्या.”

दुकानदाराने डबे मांडले. “ही घ्या मावशी. हिला खूप मागणी आहे.”

“बोलून बघते,” टॅब्लेट म्हणाला.

“कुणाशी?”

“तुमच्याशी.”

त्यांनी पहिली पॉवर बँक जोडायला लावली आणि बोलायला सुरुवात केली. एक डोळा बॅटरीच्या टक्क्यांवर ठेवून त्यांनी दुकानदाराला त्याची बैठक चुकीची असल्याचं सांगितलं, त्याच्या काउंटरवरची धूळ सांगितली, त्याच्या आईची चौकशी केली. टक्का घसरला. “दुसरी.” दुसरीला त्यांनी टेलिफोन खात्यातल्या बदल्यांचं राजकारण ऐकवलं. तीही घसरली. मधे एक गिऱ्हाईक फोनची काच बदलायला आलं, थोडा वेळ ऐकत उभं राहिलं आणि काच न बदलताच गेलं.

“मावशी, डब्यावर लिहिलंय ना सगळं,” दुकानदार काकुळतीला आला.

“डबा बोलत नाही. मी बोलते. पुढची.”

पुढची छोटी होती, मुठीत मावणारी. डब्यावरचा आकडाही बेताचाच. दुकानदार ती दाखवायलाच तयार नव्हता. बाईंनी तिला सुनेच्या माहेरच्या माणसांबद्दल सविस्तर सांगितलं. टक्का हलला नाही. त्यांनी आवाज वाढवला आणि मुलाच्या खरेदी पद्धतीवर आल्या. विषय मोठा होता. टक्का एकाने वर चढला.

“हीच,” टॅब्लेट म्हणाला.

“घ्या,” दुकानदार म्हणाला. “वायर माझ्याकडून.” ती भेट होती की खंडणी, हे सांगणं कठीण होतं.

घरी मुलाने मुठीतली वस्तू पाहिली. “हिची क्षमता निम्मीसुद्धा नाही. कोटेशन घेतलंस?”

“वेळ नाही. बागेत जायचंय,” टॅब्लेट म्हणाला, आणि पहिल्यांदाच दाराबाहेर पडता पडता बोलला.

बाकावर मेट्रनने गोष्ट नुकतीच सुरू केली होती. आज एक नवी बाई आली होती, रजिस्ट्रारच्या कचेरीत लग्नं नोंदवणारी. तिने ती ऐकली नव्हती. एक्स्चेंजबाई कडेला बसल्या, पिशवीतून वायर ओढून जोडली आणि लिहू लागल्या. मधे बोलायला जावं तर लिहीपर्यंत वेळ जातो, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. म्हणून त्या मधे बोलल्याच नाहीत. शेवट आधीच लिहून ठेवला आणि बोट बटणावर नेऊन थांबल्या. कुठल्या क्षणी कुणाला जोडायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“आणि मग एक दिवस ती एक्स्चेंजवर आली,” मेट्रनने दम खाल्ला, “डोळ्यांत पाणी, आणि ती म्हणाली...”

एक्स्चेंजबाईंनी बटण दाबलं.

“बाई, तुम्ही त्याच्या तोंडी इतकं गोड घातलंत, की मी परत गेले. आता जन्मभर मला त्या माणसाबरोबर राहायचंय. तुम्ही येता का चार दिवस राहायला? मधे बसायला?”

टोकनवालीने हे सगळं एका सुरात, श्वासही न घेता सांगितलं. यंत्राला मधे तोडता येत नाही; मेट्रनने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. लग्नं नोंदवणारी पहिल्यांदा हसली, आणि तिचं हसणं ऐकून बाकीच्यांनाही कळलं, की ही गोष्ट हसायची होती. इतके दिवस रडून घेतलेल्या बायका जास्तच हसल्या.

“हे तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस?” एकीने विचारलं.

एक्स्चेंजबाईंनी नुसतं मेट्रनकडे पाहिलं.

“मला वाटलं, तुझा जीव दमतो,” मेट्रन पडेल आवाजात म्हणाली. मग तिच्यातली परिचारिका जागी झाली. अर्धवट माहितीवर तिला कधी झोप लागत नसे. “पण मग तू काय म्हणालीस तिला?”

एक्स्चेंजबाईंचं बोट थबकलं. हे त्यांना कुणीच कधी विचारलं नव्हतं. पूर्वी ऑफिसात गोष्ट हसण्यापाशी संपे आणि लोक चहाकडे वळत. त्यांनी काहीतरी लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कुणी हिच्या वतीने काही सांगितलं नाही, कुणी ‘राहू दे’ म्हटलं नाही. मेट्रनने तर शेजारणीच्या खोकल्यावरही डोळे वटारले. टॅब्लेट उजळलेलाच होता.

शेवटी बटण दाबलं गेलं.

“मी म्हणाले, तीन मिनिटं झाली. वाढवायची का?”

हशा ओसरायला बराच वेळ लागला. मेट्रन चष्मा काढून डोळे पुसत होती, पण तिने हार मानली नव्हती.

“खोटं,” ती म्हणाली. “तेव्हा तू असं काही म्हणाली नसणार. हे तुला आत्ता सुचलंय.”

एक्स्चेंजबाईंनी या वेळी काही पुसलं नाही.

“हो,” टॅब्लेट म्हणाला. “पण मला सुचलंय.”

मेट्रनने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधली जागा रिकामी केली. एक्स्चेंजबाई तिथे सरकून बसल्या. त्यांचं बोट आधीच पुढचं वाक्य लिहायला लागलं होतं.