डबा कोणाच्या हातचा

शनिवारी सकाळी साडेदहाला मुग्धाचा फोन आला, तेव्हा राजन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मोजत होता.

"बाबा, कम होम. आई इज नॉट गेटिंग अप."

तो हॉस्पिटलात पोचला तोवर सगळं संपलं होतं. त्याची बायको प्रमिला गेली होती. डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, रक्तात पोटॅशियम सात पॉइंट आठ निघालं, त्यानं हृदय थांबलं. डायलिसिसच्या पेशंटला हे झेपत नाही. मग त्यांनी विचारलं, "दोनचार दिवसांत काय खाल्लं होतं? केळी, खजूर, नारळपाणी?"

"काही नाही हो. सगळं पथ्यानं चाललं होतं."

"कुठून तरी आलंच असणार," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

हे एकच वाक्य राजनच्या डोक्यात अडकलं. बाकीचं तो विसरला. कोण भेटायला आलं, अग्नी देताना कोण शेजारी उभं होतं, काही आठवेना. कुठून तरी आलंच असणार. म्हणजे कोणीतरी दिलं असणार.

पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटवलेलाच होता. डायटिशियन मॅडमनी तो दीड वर्षापूर्वी दिला होता. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची, पाणी फेकून द्यायचं. बटाटा, टोमॅटो, केळं, नारळ बंद. पाणी मोजून. मीठ कमी. सुरुवातीला प्रमिला स्वतः करायची. मग तिला ओट्यापाशी उभं राहवेना. त्यात दोन हजार आठचं वर्ष संपता संपता फॅक्टरीनं निम्मी माणसं घरी पाठवली. उरलेल्यांवर दुप्पट काम आलं. राजन इंटरनॅशनल सिटीतल्या घरी पोचेपर्यंत आठ वाजायचे.

खालच्या मजल्यावर शहनाझभाभी राहायच्या. मूळच्या श्रीवर्धनच्या. त्यांच्या नवऱ्याची, यहयाची बांधकाम कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी डबे सुरू केले. प्रमिलाचा डबा त्या वेगळा करायच्या. राजननंच त्यांना पथ्याच्या कागदाची झेरॉक्स दिली होती.

आता त्याला एकेक आठवू लागलं. भाभींच्या बाल्कनीत एकदा शहाळ्यांची टरफलं दिसली होती. कोकणातली बाई, नारळाशिवाय तिचा हात चालेल का? शिवाय गेल्या काही दिवसांत प्रमिला चक्क चवीनं जेवत होती. आधी दोन घास खाऊन ताट सारायची, तीच म्हणायला लागली होती, "आज दुधी फार छान झाला होता." पथ्याचा दुधी कधी छान होतो का? आजाऱ्याची दया येऊन भाभींनी त्यात काय काय ढकललं असेल, देव जाणे.

दहा दिवसांनी तो कामावर गेला. कुशलच्या गाडीत चौघं जण वाटणीनं जात. कुशलनं हळूच विचारलं, "वहिनींचं एकदम कसं काय झालं रे?"

"दुसऱ्याच्या हातचं खात होती," राजन म्हणाला. "डब्यातनंच काहीतरी गेलं."

"भाभींच्या? काय बोलतोस! आमच्याकडे पण त्यांचाच येतो."

"मी नाव घेतलं का कोणाचं?"

"घ्यायचं काय बाकी ठेवलंस?" मागून अरुण म्हणाला. "बिल्डिंगमध्ये डबा देतं कोण दुसरं?"

गाडीतल्या बाकी तिघांच्याही घरी भाभींचा डबा यायचा. आठवडा संपायच्या आत तिन्ही बंद झाले. घरी मुग्धानं भाभींच्या मुलीशी, नबिलाशी बोलणं टाकलं. स्कूल बसमध्ये दोघी एका सीटवर बसायच्या, आता ही पुढे आणि ती मागे. राजनला हे कळलं. त्याला बरं वाटलं, असं खरं सांगायचं तर म्हणावं लागेल.

पण पुरावा पाहिजे होता. प्रमिलाची फाईल आणायला गेला तेव्हा तो डायटिशियन मॅडमच्या खोलीत शिरला. त्या केरळच्या, हिंदीत बोलायच्या. त्यानं विचारलं, भाजीत नारळ घातला तर इतकं चढेल का?

मॅडमनी फाईल उघडली. "तीन हफ्ते पहले पाँच था. चमचाभर नारियल से इतना नहीं चढ़ता, राजनजी. ये कुछ रोज़ का है. हर खाने में. इन तीन हफ्तों में घर में नया क्या आया?"

"घर में कुछ नहीं," राजन म्हणाला. "खाना बाहर से आता था."

"तो वहीं पूछिए."

हेच त्याला ऐकायचं होतं. त्याच संध्याकाळी तो प्रमिलाचा रिकामा डबा घेऊन खाली उतरला. मनात ठरवलं होतं, डबा द्यायच्या निमित्तानं आत जायचं आणि स्वयंपाकघर बघायचं.

"या ना भाऊ," भाभी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "डब्याची काय घाई होती?"

तो सरळ ओट्यापाशी गेला. समोर भिंतीच्या फरशीवर पथ्याची झेरॉक्स चिकटवलेली होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तेल उडू नये म्हणून. बाजूला एक पातेलं वेगळं ठेवलेलं.

"हे ताईंचं," भाभी म्हणाल्या. "दुसऱ्या कशाला वापरलं नाही. भाजी दोनदा उकडायची आणि दोनदा पाणी फेकायचं. यहया हसायचे, म्हणायचे सगळं सत्त्व सिंकमध्ये, आणि ताईंना नुसता चोथा."

"नारळ?"

"तोबा! ताईंच्या पातेल्याला नारळाचा हातसुद्धा लावला नाही."

"मग चव कशी यायची?"

"चव तुमच्या मिठाची." त्यांनी फडताळातून एक पांढरी बाटली काढली. "ताईंनीच खाली पाठवलं होतं. म्हणाल्या, ह्यांनी मुद्दाम आणलंय, माझ्या जेवणात हेच घाला. औषधी आहे म्हणाल्या. मी अर्धा चमचा घालायचे, तर फोन करून सांगायच्या, भाभी, थोडं वाढवा, आता जेवण गोड लागतं."

राजननं बाटली ओळखली. प्रमिला आळणी जेवणाला रडायची, म्हणून सुपरमार्केटमध्ये तासभर हुडकून त्यानं ती घेतली होती. पुढे पत्त्यांतल्यासारखा लाल बदाम काढलेला, आणि लिहिलेलं, सोडियम कमी, हृदयासाठी चांगलं. नऊ दिरहम, म्हणजे जवळजवळ सव्वाशे रुपये. प्रमिला म्हणाली होती, "मीठ आहे का केशर?" पण खूश झाली होती. मॅडमना विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. मिठाचं काय विचारायचं?

त्यानं बाटली फिरवली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. पोटॅशियम क्लोराईड. सोडियम कमी केलं होतं, आणि त्या जागी हे भरलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाटली जवळजवळ संपली होती.

"भाऊ," भाभींनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले नक्की? लोक माझ्या डब्याचं नाव घेतात. कोणी तोंडावर बोलत नाही. नबिला घरी येऊन रडते. माझ्या हातून काही चुकलं असेल तर सांगा. मला ऐकू द्या."

राजननं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "ही बाटली मी नेतो."

"न्या की. तुमचीच आहे."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना त्यानं ठरवलं होतं, आज सांगायचं. वळणावर त्यानं तोंड उघडलं. कुशल म्हणाला, "बोल." राजन म्हणाला, "एसी कमी कर जरा."

बाटली त्याच्या कपाटात आहे, प्रमिलाच्या साड्यांमागे. जानेवारीत ती गेली, आता मार्च संपत आला. मुग्धा अजून बसमध्ये पुढे बसते. भाभींचे तीन डबे बंद आहेत. मीठ मी आणलं होतं, एवढं राजननं अजून कोणाला सांगितलेलं नाही.