राग ओसरेपर्यंत

वैजयंतीला राग चढायचा तो पायांपासून. आधी तळवे तापायचे, मग कान, आणि त्यानंतर आपण काय बोललो, काय फेकलं, हे तिला दुसऱ्यांकडून कळायचं. एकतिसाव्या वर्षी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, एडीएचडी. विसरणं, एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला लागणं आणि हे असं उसळणं, सगळं एकाच मुळाचं आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्या, आणि बजावलं, चढायला लागलं की तोंड उघडायचं नाही. तिथून निघायचं, ओसरल्यावर परत यायचं.

तीन महिने ती निघून जात होती. कधी वांग्याच्या वावरात, कधी पार सडकेपर्यंत. सासूला, तुळसाबाईंना, यातलं काही ठाऊक नव्हतं. "मायले नोको सांगू," नवरा पवन म्हणाला होता, "गावभर पागल म्हनतीन तुले."

त्या दिवशी शिरपूरच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधताना तिला एकदम आठवलं, सकाळी रोपांना पाणी सोडलंय. ती धावली. टमाट्याची सगळी रोपं पाण्यात आडवी झाली होती. तिने मोटर बंद केली, तोवर मागून तुळसाबाई आल्या. त्यांचं बोट धरून वैजयंतीची चार वर्षांची लेक, निकिता.

"बुडवली ना? हे पोरगी तरी ध्यानात रायते का तुले, का इलेही कुठी इसरून येशीन?"

तळवे तापले. वैजयंती ओठ घट्ट मिटून वळली आणि बांधाकडे चालू लागली. तुळसाबाईंनी मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"पयून कुठी चालली? जबाब दे मले!"

"सोडा, आत्याबाई."

"नाई सोडत."

वैजयंतीने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. तुळसाबाई पाण्याच्या टाक्याच्या सिमेंटच्या काठावर कमरेवर आदळल्या. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजासरशी राग कुठल्या कुठे गेला. उरली ती रडणारी निकिता, आणि वेदनेने पिळवटलेल्या चेहऱ्याने खाली पडलेली म्हातारी बाई.

दवाखान्यात तुळसाबाईंनीच सांगितलं, "चिखलात पाय घसरला." पवनने विश्वास ठेवला. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर वैजयंती त्याला म्हणाली, "घसरल्या नाई त्या. मी ढकललं."

पवनने एवढंच विचारलं, "निकिता तिथीच होती?"

"हो."

दुसऱ्या दिवशी तो निकिताला जऊळक्याला बहिणीकडे ठेवून आला. ओरडला असता तर तिने सोसलं असतं.

ऑपरेशन होऊन तुळसाबाई घरी आल्या. त्यांचं सगळं वैजयंतीच करायची. एका दुपारी ती खाटेपाशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं, आजार, गोळ्या, निघून जाणं. "मले जाऊ द्याचं असते तवा. धराचं नसते."

तुळसाबाई आढ्याकडे पाहत होत्या. "माह्या एका आत्याले असंच होये," त्या म्हणाल्या. "तिले कोठ्यात कोंडत, ढोराईसंगं."

"मंग?"

"मंग काय. मरेपर्यंत कोंडलं."

वैजयंतीने गरम पाणी आणलं, फडकं पिळलं आणि अंग पुसायचं म्हणून दार लोटायला गेली.

"राहू दे," तुळसाबाई घाईने म्हणाल्या. "दार उघडंच राहू दे."