गच्चीवरची रताळी

"चंदू, पानार बस आधी. थंड झाली काय मातयेसारी लागतली."

घाडी अजून दारातच होते. एका हातात अक्काच्या रक्ताचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात केळी, आणि ओली चप्पल काही केल्या पायातून निघेना. चेंबूरच्या या दोन खोल्यांत अक्का येईपर्यंत त्यांना कुणी "जेवायला बस" म्हटल्याला दोन पावसाळे उलटले होते. हाक आपल्यालाच आहे हे कळायला त्यांना अजूनही जरा वेळ लागे.

आषाढी एकादशी होती. अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण सुंदराबाई, कणकवलीजवळच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशन परवावर आलं होतं. तिला समोरच्या माणसाचं नाक नीट दिसत नव्हतं, पण स्वयंपाकघर मात्र तिने आल्या दिवशीच ताब्यात घेतलं होतं. घाडींचा एकादशीचा उपास बायको गेल्यापासून सुटला होता. एकट्या माणसाचा तसा रोजच अर्धा उपास असतो, त्यात आणखी वेगळा कशाला धरायचा, असं त्यांचं म्हणणं. अक्काने ते ऐकूनच घेतलं नाही.

ताटात वरीचे तांदूळ होते, दाण्याची आमटी होती, काकडीची कोशिंबीर होती. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ते अक्काच्या हातून कधी चुकलं नाही. कडेला तुपात परतून गुळात घोळवलेल्या फोडी होत्या. वेलचीचा वास खोलीभर पसरला होता.

"रताळी कुठून आणलीस गं?" घाडींनी पाटावर बसता बसता विचारलं.

"मी खंय जातलंय आणूक? ह्या डोळ्यांनी? तुझ्याच टोपल्येत होती. ओट्याखाली, कांद्याच्या बाजूक. राखेत घालून ठेवलंस ता बरा केलंस, टिकतत. पण कितकी सुकली रे! सोलताना माझी बोटां मोडली."

घाडींनी वाकून ओट्याखाली पाहिलं. टोपली रिकामी होती. अक्काने ती घासून, धुऊन, पालथी घातली होती. टोपलीत रताळी नव्हती. टोपलीत कंद होते, नलिनीच्या पांढऱ्या डेलियाच्या फुलझाडाचे.

नलिनी त्यांची बायको. तिला डेलियाचं वेड होतं, आणि वेडच म्हणायला हवं, कारण मुंबईच्या हवेत डेलिया लावणं म्हणजे उंटाला होडीत बसवण्यासारखं आहे. पावसात त्याचे कंद कुजतात. म्हणून उन्हाळ्यात पानं वाळली की कंदांचा झुबका उकरून काढायचा, कोरड्यात जपून ठेवायचा, पाऊस गेला की पुन्हा लावायचा. मग शेंडा खुडायचा, बांबूची काठी द्यायची, आणि एवढं सगळं करून जानेवारीत फूल आलं तर आलं. सोसायटीने भरपूर कुरकुर करून तिला गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळची जागा दिली होती. घाडी कुर्ल्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ते नलिनीचे हमाल असत. माती चढवायची, पाणी चढवायचं आणि मतं द्यायची नाहीत, एवढंच त्यांच्याकडे होतं.

निवड सगळी तिची. नर्सरीत गेली की माळी कंटाळून चहाला निघून जाई. ती नावं कधी विचारायची नाही. "नावांचं काय, चिठ्ठी बदलली की नाव बदलतं. खोड बघायचं. पेरं जवळजवळ आहेत का बघायचं," असं ती म्हणायची. ताटाएवढ्या फुलांचे मागच्या रांगेत, टोकदार पाकळ्यांचे मध्ये, लिंबाएवढे गोळेदार पॉम्पॉन पुढे. एका टोकाला तीन कळ्या आल्या की मधली ठेवून बाजूच्या दोन ती नखाने खुडून टाकी. घाडींना ते बघवत नसे. "राहू दे की गं, तीनही फुलतील." "तीनही फुलतील, पण एकही धड फुलणार नाही," ती म्हणायची.

पांढरा मात्र नर्सरीतला नव्हता. एका वर्षी तिने सुकलेल्या फुलातलं बी धरलं आणि पेरलं. डेलियाच्या बियांतून आईसारखं लेकरू येत नाही, दरवेळी भलतंच काहीतरी येतं. आलेली बहुतेक रोपं एकेरी पाकळीची, बिनकामाची निघाली. त्यातलं एक फुललं ते पांढरं, भरगच्च, आणि पाकळ्यांच्या बुडाशी लोण्यासारखी पिवळसर झाक. तसं फूल नर्सरीवाल्यानेही पाहिलं नव्हतं. बाकी डेलियांचे कंद नलिनी मागेल त्याला वाटायची. पांढऱ्याचं कुणी विचारलं की म्हणायची, "हे नाही द्यायचं. हे घरातलं आहे." घाडी नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, आणि ती असं म्हणाली की घाडी काठी बांधायला वळत.

शेवटच्या जानेवारीत तिला जिना चढवत नव्हता. घाडी रोज वर जाऊन पांढऱ्याची बातमी खाली आणत. पहिलं फूल पूर्ण उमललं त्या दिवशी त्यांनी ते कापून स्टीलच्या पेल्यात तिच्या उशाशी ठेवलं. फूल तिच्यानंतरही टिकलं. तिसऱ्या दिवशीही ते पेल्यात तसंच ताठ होतं, आणि घाडींना त्याचा अतोनात राग आला होता. पण कंद त्यांनी जपले. नलिनी कधी औषधाची पूड लावू द्यायची नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणायची. तीच राख ते आणत राहिले. मागल्या पावसात गच्चीवरच्या खोलीत ओल शिरली आणि पेटीतले काही कंद कुजले. तेव्हापासून बाकीचे गॅलरीत वाळूत आणि पांढरा तेवढा घरात, कांदेबटाट्याशेजारी. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून.

"खा रे. बघतंस काय?" अक्का समोर येऊन बसली. "तू खा, मग मी घेतंय."

घाडींनी तिच्याकडे पाहिलं. पंचाहत्तरीची म्हातारी, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. डाव्या अंगठ्याला सोलताना लागलेलं, त्यावर हळद लावलेली. डोळे दुधाळ, आणि त्या डोळ्यांनी ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, घास कसा लागतो हे कळावं म्हणून. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती ताटावरून उठली असती. रडली असती. जन्मभर ते डोक्यात घेऊन बसली असती. आणि पुन्हा कधी या घरात पाटावर बसवून त्यांना वाढलं नसतं. घाडींना सगळ्यात जास्त भीती वाटली ती या शेवटच्याची. खाण्याची भीती नव्हती. राखेशिवाय त्याला काही लागलेलं नव्हतं, आणि डेलिया ज्या मुलखातून आला तिकडे पूर्वी लोक हे कंद भाजून खायचे, हे नलिनीनेच कधीतरी हसत हसत सांगितलं होतं.

त्यांनी फोड तोंडात घातली. गूळ लागला, तूप लागलं, मग पाणचट, थोडं दोरेदार काहीतरी.

"कशी?"

"बरी आहेत."

अक्काने स्वतःच्या ताटात वाढून घेतली आणि चावून पाहिली. "श्शी! मुंबयची रताळी. पाणचट मेली. खंयसून हाडलंस?"

"गच्चीवर लावतो मी," घाडी म्हणाले. हे खोटं नव्हतं, म्हणून चटकन तोंडातून निघालं.

अक्काचा चेहरा फुलला. "नलूच्या कुंड्यांत? बरा केलंस हां! फुलां काय, दोन दिवसांनी कचऱ्यात. आपल्या बापाशीन गिरणीत रवान पण गावाक येक वाफो रताळ्यांचो सोडूक नाय. तुझ्यात ता रगत आसा." ती खुशीत वाढायला वळली. "फुडल्या आषाढीक मी येतलंय. डोळे बरे होतले तवसर. तुझी रताळी माका बघूची आसत. वाढू आणखी?"

"वाढ," घाडी म्हणाले.

पानं उचलल्यावर त्यांनी हळूच कचऱ्याचा डबा उघडला. कोंब फुटतो तो कंदाला नाही, देठाच्या बुडाशी. तो एवढासा तुकडा जरी मिळाला असता तरी पुरे होता. डबा रिकामा होता.

"सालां, देठां सगळी टाकलंय," झाकणाचा आवाज ऐकून आतून अक्का म्हणाली. "ती बाय सकाळीच न्हेलीन कचरो."

घाडी केळ्याची साल टाकायचं निमित्त करून खाली उतरले. फाटकाबाहेरचे मोठे डबे धुऊन ठेवले होते. गाडी कधीच देवनारच्या कचराडेपोच्या वाटेला लागली असणार. "क्या काका, कुछ चला गया क्या?" वॉचमनने विचारलं. "नहीं, नहीं," घाडी म्हणाले आणि हातातली साल तशीच हातात घेऊन पुन्हा जिना चढले.

ऑपरेशन नीट झालं. मग काही दिवस घाडी अक्काच्या डोळ्यात थेंब घालत, ती त्यांना गावातल्या मेलेल्या जित्या सगळ्यांच्या बातम्या सांगत असे. घरात आवाज होता. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायला कुणीतरी होतं. पट्टी निघाली त्या दिवशी तिने पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे चंदू, कितको म्हातारो झालंस रे!" दोघंही खूप हसले. मग तिचा मुलगा सुयोग येऊन तिला कुर्ल्याहून गाडीत बसवून घेऊन गेला. घाडी टर्मिनसवरून परत आले, दार उघडलं, आणि आत न जाता थोडा वेळ उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांना एकटं वाटत होतं. दुसरा शब्द नाही त्याला.

पाऊस गेल्यावर त्यांनी गॅलरीतले कंद लावले. शेंडे खुडले, काठ्या दिल्या, बाजूच्या कळ्या काढल्या. टाकीजवळची मोठी कुंडी, पांढऱ्याची, मातीने भरून रिकामीच ठेवली. सवयीने तिच्यातही काठी रोवली गेली होती. ती काढायला हात होईना.

जानेवारीत दुसऱ्या मजल्यावरची मृणालिनी वर आली. ती बँकेत नोकरीला होती आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या लावायची.

"काय काका, झकास आलेत हां यंदा! हा लाल तर कसला आहे यार!" मग तिचं टाकीकडे लक्ष गेलं. "आणि काकूंचा पांढरा? लावला नाही?"

"संपला तो."

"अरे देवा. कीड लागली?"

"नाही."

"बघा ना, मागच्या वर्षी मी एक फांदी मागितली होती. तुम्ही म्हणालात, घरातलं आहे. दिली असती तर आज माझ्याकडे तरी असता ना." ती सहज बोलून गेली. घाडींचा चेहरा बघून गडबडली. "सॉरी काका. मी आपलं असंच..."

"बरोबर आहे तुझं," घाडी म्हणाले. त्यांनी खिशातून सुरी काढली आणि लाल डेलियाचं ताटाएवढं फूल कापून तिच्या हातात दिलं. "कंदही देईन याचे. उन्हाळ्यात ये." ती गेल्यावर त्यांनी उरलेल्या सगळ्या डेलियांकडे एकदा पाहिलं. एकही फूल वाईट नव्हतं. पण गच्चीवर येण्याची घाई ज्याच्यासाठी व्हायची ते त्यांच्यात नव्हतं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला.

"चंदू, माका आता सुईत दोरो ओवूक येता! आषाढीक येतंय हां. तिकीट काढूक सांगलंय सुयोगाक. रताळी लावलंस मा?"

"लावतो."

"लावतंस म्हणजे? अजून लावूक नाय?"

"लावलीत गं," घाडी म्हणाले.

फोन ठेवून ते तसेच बाजारात गेले. उपासाचा दिवस तोंडावर, त्यामुळे हातगाड्यांवर रताळ्यांचे ढीग लागले होते. घाडी प्रत्येक रताळं उचलून टोक बघायला लागले, कुठे कोंबाची खूण आहे का म्हणून. भाजीवाली वैतागली. "ओ काका, लग्नासाठी बघताय काय? उकडायचीच ना?"

"लावायचीत," घाडी म्हणाले आणि बघतच राहिले. त्यांना आठवलं, नलिनी अशीच बघायची.

घरी आणून त्यांनी ती पाण्यात अर्धी बुडवून खिडकीत ठेवली. कोंब आले, कोंबांची वेल झाली, तेव्हा वेलीचे तुकडे घेऊन ते गच्चीवर गेले. टाकीजवळच्या कुंडीतली माती त्यांनी हाताने मोकळी केली. तळाशी एक बारीकसं, सुकलेलं मूळ हाताला लागलं. बोटांनी चुरलं तर भुगा झाला. तो त्यांनी परत मातीतच घातला आणि वर वेल लावली.

उन्हाळ्यात डेलियाची पानं वाळून गेली आणि कुंड्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मृणालिनी लालचे कंद घ्यायला आली तेव्हा गच्चीवर हिरवं असं एवढंच होतं. वेल कुंडीच्या काठावरून उतरून टाकीच्या बुडाशी पसरली होती.

"काका, हे काय? रताळं?" ती हसली. "याला काठी कशाला? हे तर जमिनीवर पसरतं ना?"

"हो," घाडी म्हणाले. ते खाली बसून मुळाजवळची माती जरा उकरून बघत होते. आषाढी जवळ येत होती आणि रताळी अजून बोटाएवढीच होती.

"मग काढून टाका की."

घाडींनी माती पुन्हा सारखी केली, हात झटकले आणि काठीला धरून उठले.

"राहू दे," ते म्हणाले, आणि वेलीचं एक टोक उचलून त्यांनी काठीला सैलसर बांधलं.