जाताना वाकडी, येताना सरळ

अंजुम शेखने बनवलेली नवी वल्ही लावल्यापासून तिच्या वडिलांची होडी काठापासून दूर जाताना डावीकडे वळे आणि काठाकडे येताना सरळ येई. जातानाही ती पहिल्या चारशे मीटरांतच वळे, पुढे नाही. आणि वडिलांच्या जोडीला होडीत आणखी कोणी असले, तर ती मुळीच वळत नसे.

अंजुमने ही तीन वाक्ये वहीत लिहिली, त्यांच्याखाली रेघ ओढली आणि रेघेखाली लिहायला काही सुचेना म्हणून वही मिटली. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, शेतीच्या यंत्रांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्यात, ती नऊ वर्षे आरेखन विभागात होती. तिच्या टेबलावर आलेला दोष सहसा तिसऱ्या दिवसापर्यंत कबुली देई. हा दोष अकरा दिवसांचा झाला होता आणि तो तिच्या अब्बांच्या होडीत होता.

घोड नदीवरच्या धरणाचा फुगवटा गावाच्या शिवाराला येऊन टेकतो. अब्बा, म्हणजे बाबाजान, चाळीस वर्षे त्या पाण्यात जाळी टाकत आले होते. पहाटे जायचे आणि नऊपर्यंत रोहू, कटला जे मिळेल ते घेऊन परतायचे. हिवाळा सरता सरता पाणी उतरू लागले की बुडालेल्या बाभळींचे बुंधे पृष्ठभागाखाली वीतभर येऊन थांबतात आणि काठापासून चारशे मीटरपर्यंत होडीला जायला एक अरुंद गल्ली तेवढी उरते. गेल्या मार्चमध्ये त्या गल्लीतच होडी एका बुंध्यावर आदळली. बाबाजान पाठीवर पडले, मान फळीवर आपटली. शिरूरच्या डॉक्टरांनी गळपट्टा बांधला आणि यापुढे मान वळवून मागे पाहायचे नाही, असे बजावले.

वल्हे मारणाऱ्याला हे सांगणे म्हणजे वल्हे मारू नको असे सांगणेच होते. जिकडे जायचे तिकडे पाठ करून तो बसतो आणि वाट पाहायची तर मान वळवावीच लागते. पट्टा निघाल्यावरही बाबाजान चार महिने अंगणातल्या बाजेवर बसून राहिले. कोणी विचारले तर 'बरा हाय' म्हणत. अंजुम दर शनिवारी सुप्याहून येई, तेव्हा ते जाळ्यातला गुंता सोडवत असत. एका शनिवारी तिच्या लक्षात आले की मागच्या आठवड्यात सोडवलेला गुंताच ते पुन्हा सोडवत आहेत. तो त्यांनी स्वतःच घातला होता.

त्या रात्रीचे जेवण तिला गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पाठ करून बसण्याची पद्धतच रद्द करायला घेतली.

वल्ह्याचे दोन तुकडे केले: आतला मुठीचा, बाहेरचा पात्याचा. सांध्यात पितळेची दोन दातेरी चक्रे एकमेकांत अडकवली. एक चक्र ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट दुसरे फिरते. त्यामुळे समोर तोंड करून मूठ छातीकडे ओढली, की पातेही पाणी मागे ढकलते आणि बसणारा जिकडे पाहतो तिकडेच होडी जाते. कल्पना तिची नव्हती, जगात अशी वल्ही पूर्वीच झाली आहेत. तिची होती ती मापे: अब्बांच्या हाताची लांबी, त्यांच्या उजव्या मनगटाचा जुना आखडलेपणा, होडीची रुंदी. सात महिने गेले.

"म्हंजी आता होडी सायकलवानी," पहिल्या दिवशी बसताना बाबाजान म्हणाले.

"सायकलसारखीच."

"चाळीस वर्सं मी उलटा बसलो आन् कुनी बोललं न्हाई."

"मी बोलले होते, अब्बा. सहा वर्षांची असताना."

"तवा तू लई बोलायचीस," ते म्हणाले, पण हसले. अंजुमने ते हसू मनातल्या मनात टिपून ठेवले. मोजता येत नसलेल्या गोष्टी ती वहीत लिहीत नसे.

मग होडी डावीकडे वळू लागली.

होडीत बसवलेल्या जीपीएसमुळे अंजुमच्या मोबाईलमध्ये होडीच्या वाटेची नोंद उमटे. चारशे मीटरांत सव्वीस मीटर डावीकडे. बाबाजान मध्येच थांबून होडीचे नाक सरळ करीत, ते धरून सव्वीस. गल्लीच्या डाव्या अंगाला बुंध्यांखेरीज बुडालेल्या एका विहिरीचे दगडी तोंडही होते. अंजुमने सुटी टाकली, आल्या दिवशीच वडिलांसमोर बसली आणि कारखान्यात बोलावे तसे बोलली.

"रविवारपर्यंत सरळ गेली नाही, तर ही वल्ही मी काढून घेईन."

"आन् जुनी लावू?"

"जुनीही नाही. मान पुन्हा आपटली तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंय."

बाबाजानांनी आपल्या तळव्यांकडे पाहिले. "बरं," ते म्हणाले. 'बरा हाय' म्हणताना लागे तोच त्यांचा आवाज होता आणि तो अंजुमला सहन झाला नाही. ती उठून होडीकडे गेली आणि चक्रांचे दात पुन्हा मोजू लागली.

दात बरोबर होते. दोन्ही पाती एकाच मापाची होती. डावे-उजवे वल्हे अदलाबदल करून पाहिले, तरी होडी डावीकडेच वळली. अंजुमने स्वतः वल्ही मारून पाहिली: जाताना सरळ, येताना सरळ. शेजारचा छगन भोई अब्बांच्याच वयाचा. त्यालाही बसवून पाहिले. तो एकटा गेला आणि सरळ गेला. परतल्यावर होडी बांधता बांधता म्हणाला, "पोरी, तुजं यंत्र चांगलं हाय. दोष यंत्रात न्हाई."

"मग कशात आहे, छगनकाका?"

"हितं साती आसरांचं ठिकान हाय. बाबाजानला ओळखत्यात त्या. वढत्यात."

"मग येताना का ओढत नाहीत?"

"येताना कशाला वढतील? मानूस घरी चाललाय, जाऊ देत्यात की."

"आणि चारशे मीटरनंतर?"

"तितं हद्द संपती त्यांची," छगन म्हणाला. अंजुमच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने जोडले, "तुज्याकडं यापरीस बरं कारन असंल तर सांग, मी ऐकतो."

तिच्याकडे नव्हते, हेच तर तिला लागले. छगनकाकाच्या जलदेवता, त्या आसरा, तिन्ही वाक्यांना पुरून उरत होत्या. तिचा वारा, तिचा प्रवाह आणि अब्बांचे आखडलेले मनगट एकालाही पुरत नव्हते. मनगट तर उजवे होते. ते कमी पडते तर होडी उजवीकडे वळायला हवी होती.

शुक्रवारी श्रीगोंद्याला अम्मीच्या, म्हणजे शहजादीच्या, बहिणीच्या नातवाचा अकीका, म्हणजे जावळाचा विधी, होता. अम्मी आदल्या दिवशीच गेली होती, त्यामुळे सकाळी बाबाजानांना चहा अंजुमने करून दिला. ते एकटे होडीत बसले आणि गेले. अंजुमने नोंद उघडली. रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती.

तिने मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. रेघ तीच. वारा कालचा, पाणी कालचे, वल्ही कालची, माणूस कालचा. घरातून एकच गोष्ट वजा झाली होती आणि ती गोष्ट होडीत कधी बसतच नव्हती.

शनिवारी अम्मी परतलेली होती. पहाटे बाबाजान निघाले तेव्हा अंजुम काठावरच्या टेकाडावर जाऊन बसली. थोड्या वेळाने अम्मी आली. तिच्या हातात भाकरीच्या टोपलीतले फडके होते. ते झटकायला ती रोज काठावर येते, हे अंजुमला कळते तेव्हापासून ठाऊक होते. उजेड पुरेसा होता, म्हणून आज तिला दिसले की फडके धुतलेले आहे. त्यातून पिठाचा कणही पडत नव्हता.

अम्मीने ते उजवीकडे झटकले. थांबली. पुन्हा उजवीकडे.

पाण्यावर बाबाजान वल्ही मारता मारता मागे वळले. मान राखायची म्हणून अख्खे अंगच डाव्या खांद्यावरून वळवले. त्या हिसक्यात डाव्या हाताचे वल्हे निम्मेच ओढले गेले, उजवे पुरे. नाक डावीकडे गेले. ते पुढे पाहू लागले, दोन वल्ही मारली, पुन्हा वळले.

"अम्मी," अंजुमने विचारले, "तू काय करतेस?"

"होडी चालवते," अम्मी म्हणाली. तिची नजर पाण्यावरून हलली नाही.

"म्हणजे?"

"थांब जरा." अम्मीने फडके दोन्ही हातांत ताणून धरले, मग सैल केले. होडी गल्लीच्या शेवटी पोचली तेव्हा तिने ते घडी करून डोक्यावर ठेवले आणि खाली बसली. "आता बोल. पान्याच्या बरूबर डोळं असलं की पानी आरसा होतं. आत काय दिसत न्हाई. हितनं वरनं बुंधा काळा दिसतो. जुन्या वल्ह्यांनी जाताना त्यांची तिकडं पाठ, पर तोंड तर माझ्याकडं. मी ज्या अंगाला झटकीन त्या अंगाला घ्यायचं. ताणून धरलं की थांबायचं. डोक्यावर घेतलं की गल्ली संपली, जावा आता."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझ्या आदीपासून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू इचारलं न्हाईस. तू म्हनालीस, अम्मी, पीठ काठावर झटकू नको, मुंग्या होत्यात."

अंजुमला ते आठवले.

"मग गेल्या वर्षी बुंधा कसा लागला?"

"तो येताना लागला, बेटा. येताना त्यांची पाठ माझ्याकडं. मी हितं उभी हुते, झटकत हुते. पर बघनार कोन?"

जाताना की येताना, हा प्रश्न अंजुमने सात महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. कारखान्यात कोणा शिकाऊ मुलीकडून एवढे राहिले असते, तर तिने आरेखन परत पाठवले असते.

"आणि आता? आता अब्बांना समोरचं दिसतं. तरी तू उभी राहतेस."

अम्मीने डोक्यावरचे फडके नीट केले. "ते अजून बघत्यात ना," ती म्हणाली.

नऊला बाबाजान परतले; सरळ आले. होडी काठाला लागल्यावर अंजुम गुडघाभर पाण्यात उतरली आणि होडीचा काठ धरून उभी राहिली.

"अब्बा, तुम्ही मागे वळून बघता."

बाबाजानांनी आधी अम्मीकडे पाहिले. ती मासळीची पाटी घेऊन घराकडे चालली होती.

"मी होडीत असले की वळत नाही."

"तुझ्या म्होरं कसं वळू? मागं बघाया लागू नये म्हनून तर तू एवढं केलंस."

"आणि छगनकाका असले की?"

"तो हसंल. दोघं असलो की दुसरा उभा ऱ्हाऊन बघतो पान्यात, निभतं. एकल्याला..." त्यांनी पितळी चक्रावरचे पाणी बोटाने पुसले. "तू म्हनतेस समोर दिसतं. दिसतं की. पानी दिसतं. बुंधा कुठं दिसतो? बुंधा तिला दिसतो. आन् मी न बघता गेलो, तर ती उगंच उभी ऱ्हाती तिथं."

अंजुमचा हात होडीच्या काठावरून पितळी चक्राकडे गेला.

"पर येतानाचं तुझं यंत्र," बाबाजान म्हणाले, "चाळीस वर्सांत पयल्यांदा येताना ती दिसाया लागली. ते नगं काढू. जाताना वळू नगं म्हनलीस तर न्हाई वळनार."

"वळायचं नाहीच," अंजुम म्हणाली. "उलटं बसायचं."

तिने दुपारभर काम केले. जुन्या वल्ह्यांचे खुंटे होडीच्या काठावर होतेच. नव्या वल्ह्यांच्या बैठकीला तिने अशी खीळ केली की ती हाताने निघेल. जाताना जुनी वल्ही, नेहमीसारखे काठाकडे तोंड. जाळ्यांपाशी पोचल्यावर दोन खिळी काढायच्या, दोन घालायच्या, बसायची बाजू बदलायची आणि नव्या वल्ह्यांनी पुन्हा काठाकडेच तोंड करून परतायचे. मान कोणत्याच वेळी वळवावी लागणार नव्हती. बदलायला बाबाजानांना चार मिनिटे लागली. अम्मीला तिने एवढेच सांगितले की येतानाही टेकाडावर उभे राहावे लागेल.

"राहीन की," अम्मी म्हणाली. "तवाबी उभीच असते."

रविवारी पहाटे बाबाजान गेले आणि नऊला परतले. जातानाची चूक दीड मीटर, येतानाची एक. अंजुमने दोन्ही आकडे वडिलांना दाखवले. त्यांना चष्मा नव्हता, तरी त्यांनी मोबाईल हातात घेऊन पाहिले आणि परत दिला. "उद्या तांबडं फुटायच्या आदीच जावं म्हनतो," ते म्हणाले.

"फुटू दे," अम्मी घरातून म्हणाली. "अंधारात मला काय दिसायचं?"

छगन उन्हाला बसायला आला तेव्हा त्याने विचारले, "गेल्या का आसरा?"

"काका, बरं कारण असेल तर ऐकतो म्हणाला होतात."

"ऐकतो की."

अंजुमने वही उघडली आणि रेघेखाली लिहिले होते ते वाचून दाखवले: वल्ह्यांत दोष नव्हता. जाताना अब्बा अम्मीला पाहण्यासाठी डाव्या खांद्यावरून मागे वळत, तेव्हा डावे वल्हे अपुरे ओढले जाई आणि होडी डावीकडे वळे. चारशे मीटरनंतर अम्मी फडके डोक्यावर घेई, म्हणून पुढे वळत नसे. होडीत आणखी कोणी असले की अब्बा मागे पाहत नसत. येताना अम्मी समोरच असे.